भोंग्याच्या गावातले दिवस : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

गेल्या अंकात मी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईशान्य भागातील एका लहानशा कामगार-गावातल्या माझ्या सात वर्षांच्या वास्तव्याविषयी लिहिले होते. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, पॅटर्नच्या (साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांच्या) कामावर उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला तिकडच्या एका फौंड्रीने बोलावून घेतले आणि तो पत्नीसह सहा हजार वस्तीच्या गावात जाऊन राहिला, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतून पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही वाचकांनी त्या गावाचे नाव विचारले आहे. तिथल्या शेजाऱ्यांच्या घरच्या गोष्टी या उत्तरांत येणार असल्यामुळे ते नाव न देणेच मला योग्य वाटते.

प्रश्न : माझा मुलगा बेळगावात इंजिनिअर होऊन गेल्या वर्षी अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका लहान गावातल्या कारखान्यात नोकरीला लागला. व्हिडिओ कॉलवर तो खिडकीतून रस्ता दाखवतो, तेव्हा भर दिवसाही रस्त्यावर माणूस दिसत नाही. आमच्या गल्लीत पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणाची ना कुणाची हाक ऐकू येते. इतक्या शांततेत माझे पोर राहते कसे, आणि आजारी पडला तर शेजारी कुणी विचारील का, या काळजीने मला झोप लागत नाही. — एक आई, नंदगड, ता. खानापूर

उत्तर : ताई, तुम्हाला वाटणारी काळजी माझ्या पत्नीने पहिल्या सहा महिन्यांत स्वतः अनुभवली आहे, म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देतो.

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. प्रत्यक्षात २०२० च्या जनगणनेनुसार तिथे स्वतःची नगरपालिका असलेल्या सुमारे साडेएकोणीस हजार गावा-शहरांपैकी तीन-चतुर्थांश ठिकाणांची वस्ती पाच हजारांच्या आत आहे. तुमचा मुलगा राहतो तशी गावे हीच त्या देशातील नेहमीची गावे आहेत आणि त्यांची शांतता हा कुठल्या संकटाचा परिणाम नाही. घरे लाकडी आणि सुटी सुटी असतात, त्यांच्यामध्ये हिरवळ असते, थंडी आणि उकाडा यांमुळे खिडक्या वर्षातील बराच काळ बंद असतात. दूध, भाजी, इस्त्री यांपैकी काहीही दारावर येत नाही. माणूस घरातून निघतो तो गाडीत बसूनच निघतो, आणि पुढच्या गाडीला हॉर्न देणे हे तिथे तोंडावर शिवी देण्यासारखे मानले जाते.

याखेरीज कामगार-गावाचे स्वतःचे एक कारण असते, आणि ते मला शेजाऱ्यांमुळे समजले. आमच्या डाव्या हाताच्या घरातील गृहस्थ रात्रपाळीला जात आणि सकाळी आठला येऊन झोपत. समोरच्या घरातील बाई वृद्धाश्रमात दुपारपाळीला होत्या. ज्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरात दिवसा कुणीतरी झोपलेले असते, तिथे मुलेसुद्धा दुपारी दबक्या आवाजात खेळतात. तुम्हाला खिडकीतून जी रिकामी गल्ली दिसते, तिच्यात माणसे आहेत. ती कामावर तरी गेलेली असतात किंवा कामावरून येऊन झोपलेली असतात.

आपल्याकडे माणसे भेटतात ती रस्त्यावर, कट्ट्यावर, पिठाच्या गिरणीत. तिकडे भेटण्यासाठी ठरलेल्या जागा आणि ठरलेल्या वेळा असतात, आणि नवा माणूस तिथे स्वतः गेला नाही तर त्याला वर्षभर कुणीही भेटत नाही. आमच्या गावात अग्निशामक दलाची इमारत ही अशी सर्वांत महत्त्वाची जागा होती. देशातील अग्निशमन जवानांपैकी निम्म्याहून अधिक जण बिनपगारी स्वयंसेवक आहेत. कुणी फौंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर, कुणी शाळेतला शिपाई, कुणी किराणा दुकानाचा मालक असतो, आणि भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावतो. गाडीच्या टायरांसाठी आणि पाण्याच्या नळ्यांसाठी पैसे उभे करायला हेच लोक रविवारी सकाळी गावाला न्याहारी करून वाढतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या किंवा अग्निशामक दलाच्या सभागृहात तळलेल्या मासळीचे जेवण असते. तिथे धर्म कुणी विचारत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजीबाईंनी पत्नीला शेजारी बसवून घेतले आणि आपले वडील स्लोव्हाकियातून या गावच्या भट्टीवर कामाला कसे आले, ते तासभर सांगितले. १८८० ते १९२० या काळात पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, इटली येथून लाखो माणसे या भागातील पोलाद कारखान्यांत आली. परक्या देशात पहिला हिवाळा कसा जातो, ही गोष्ट त्या घरांतून अजून सांगितली जाते.

शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हेही असेच मोठे निमित्त असते. शरद ऋतूत दर शुक्रवारी रात्री मैदानावरचे दिवे लागतात आणि सारे गाव तिथे लोटते. त्यांतला एक सामना गाव सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी राखलेला असतो. आपल्याकडे महालक्ष्मीच्या यात्रेला पुण्या-मुंबईची माणसे गावी येतात, तशी त्या आठवड्यात दूरदूरची माणसे आईवडिलांच्या घरी उतरतात.

आता शेजाऱ्यांविषयी. न सांगता कुणी कुणाच्या घरात शिरत नाही, आणि सुरुवातीला हे मनाला लागते. पण पहिल्या मोठ्या हिमवर्षावाच्या सकाळी मी फावडे घेऊन बाहेर आलो, तेव्हा रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याने झोपण्याआधी स्वतःच्या यंत्राने आमच्याही दारासमोरचा बर्फ काढून ठेवला होता. पत्नीचे ऑपरेशन झाले, तेव्हा नऊ दिवस कुणी ना कुणी संध्याकाळी झाकलेले भांडे घेऊन दारात उभे राहिले. आम्हाला मांस चालत नाही हे त्यांनी आपापसांत आधीच कळवलेले होते, आणि हे नियोजन चर्चमधल्या एका बाईंनी कागदावर तारखा मांडून केले होते, हे आम्हाला नंतर कळले.

तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ एकट्या माणसाला जड जातो. संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार पडतो, गावात बस नसते, आणि गाडी नसेल तर माणूस घरात अडकतो. म्हणून पुढच्या फोनवर मुलाला जेवलास का, एवढेच विचारू नका. गाडी चालवण्याचा परवाना काढलास का, गावातल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलेस का आणि रविवारी कुणाबरोबर जेवतोस, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला त्याने एखाद्या माणसाचे नाव घेतले, तर निश्चिंत झोपा. नाव घेतले नाही, तर त्याला अग्निशामक दलाच्या न्याहारीला जायला सांगा, आणि जाताना बेळगावचा कुंदा घेऊन जायला सांगा.

प्रश्न : मी उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर आहे. तिथला मोल्डर आमच्या कितीतरी पट कमावतो असे ऐकतो. त्याचे कामाचे तास, ओव्हरटाइम, रजा, युनियन हे सगळे कसे असते? — एक कामगार, मजगाव

उत्तर : तुम्ही आणि मी एकाच वाळूत हात घातलेले आहेत, म्हणून थेट कामाच्या गोष्टी सांगतो.

तिथे १९३८ च्या कायद्याने आठवड्याचे तास चाळीस ठरले आहेत आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दीडपट दर मिळतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि त्यावर दुप्पट दर आहे. म्हणजे तास त्यांचे चांगले आणि ओव्हरटाइमचा दर आपला चांगला, असा हिशेब आहे. आपल्याकडे तो दुप्पट दर किती ठिकाणी खरोखर हातात पडतो, हे मात्र तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. देशभरासाठी ठरवलेले किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर आहे आणि ते जुलै २००९ पासून वाढलेले नाही. अनेक राज्यांनी स्वतःचे दर त्याहून वर नेले आहेत, आणि फौंड्रीतल्या अनुभवी माणसाला त्याच्या बऱ्याच वर मिळते. पण तो डॉलर इथल्या रुपयांत बदलून पाहू नये, कारण तो खर्च व्हायचा असतो तिथल्याच दुकानात.

रजेच्या बाबतीत तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. अमेरिकेत पगारी रजा दिलीच पाहिजे असा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बाळंतपण किंवा गंभीर आजार यांसाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी असते. पगारी रजा हवी असेल तर ती मालकाच्या मर्जीने किंवा युनियनच्या कराराने मिळते.

सगळ्यांत मोठा फरक आहे तो औषधोपचाराचा. नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो. दर शुक्रवारी पगाराची चिठ्ठी हातात येई, तिच्यावर सामाजिक सुरक्षेचे ६.२ टक्के, वृद्धांच्या वैद्यकीय योजनेचे १.४५ टक्के, केंद्राचा, राज्याचा आणि गावाचाही आयकर आणि शेवटी विम्याचा हप्ता अशी कपात असे. एवढा हप्ता भरूनही वर्षातील पहिले हजार-दोन हजार डॉलर स्वतःच्या खिशातून घातल्याशिवाय विमा कंपनी बहुतेक खर्च उचलत नाही. माझ्याबरोबर कोअर विभागात (साच्याच्या आत बसणारे वाळूचे भाग करतात तिथे) काम करणारा एक साठीचा माणूस गुडघ्याचे ऑपरेशन तीन वर्षे पुढे ढकलत राहिला, कारण त्याला पासष्टाव्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी वैद्यकीय योजनेची वाट पाहायची होती. भट्टीसमोर लंगडत उभ्या असलेल्या त्या माणसाचा पगार ऐकून उद्यमबागेत कुणीही त्याचा हेवा केला असता.

धुळीच्या बाबतीत मात्र त्यांनी केलेले आपण करायलाच हवे असे मला कळकळीने वाटते. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि आपल्या ओळखीत तो झालेली माणसेही आहेत. तिथे १९७० च्या कायद्याने कामगारांच्या सुरक्षिततेसाठी केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, आणि २०१६ च्या नियमाने श्वासात जाणाऱ्या सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आमच्या शॉपमध्ये कामगारांच्या कॉलरला लहानसा पंप लावून हवा तपासत असत आणि मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्याला नीट बसतो की नाही, हे मोजूनच देत. तोंडाला रुमाल बांधून फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, उभे राहिलेले पोर पाहिले की मला आजही राहवत नाही.

युनियनविषयी. १९३५ च्या कायद्याने संघटना करण्याचा हक्क पक्का झाला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास जवळजवळ एक-तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते. आज हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आमच्या फौंड्रीत युनियन होती. करार तीन वर्षांचा असे आणि सगळे काही सेवाज्येष्ठतेवर चाले. दिवसपाळी कुणाला मिळेल, आधी कपात कुणाची होईल, काम परत आले की आधी कुणाला बोलावायचे, या प्रत्येक गोष्टीला भिंतीवर लावलेल्या त्या यादीचा आधार होता. त्यामुळे साहेबाची मर्जी सांभाळण्याचे कारण उरत नसे, आणि कामगार साहेबाशी मान वर करून बोलत असे. जिथे युनियन नाही, तिथे मालक कारण न देताही माणसाला काढू शकतो. मोंटाना हे एक राज्य सोडले तर सगळीकडे साधारणपणे हाच कायदा आहे.

प्रश्न : आमच्या निपाणीत तंबाखू आणि विडी यांवर कित्येक घरे चालली आणि आता हाताचे काम कमी होत चालले आहे. अमेरिकेत एका कारखान्यावर जगणारे गाव तो कारखाना बंद पडल्यावर काय करते? — एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, माझ्या गावातील फौंड्री चालू होती, पण तिच्याशेजारचा पाइप बनवण्याचा कारखाना आम्ही जाण्यापूर्वीच बंद झालेला होता. त्याच्या शेडच्या फुटक्या काचांमधून झाडे बाहेर आलेली होती. तेव्हा तुमचा प्रश्न मी रोज कामावर जाताना पाहत होतो.

त्या भागातील लोक काळ मोजतात तो १९ सप्टेंबर १९७७ या सोमवारपासून. त्या दिवशी यंग्सटाउन शहराजवळचा एक प्रचंड पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे पाच हजार माणसांचे काम गेले. लोक त्याला काळा सोमवार म्हणतात. पुढच्या काही वर्षांत आसपासचे इतर कारखानेही गेले. १९३० साली १ लाख ७० हजार वस्ती असलेल्या यंग्सटाउनमध्ये २०२० साली साठ हजार माणसे उरली होती. जुनी यंत्रे न बदलणे, परदेशी पोलाद, मालकी दूरच्या कंपन्यांकडे जाणे अशी अनेक कारणे एकत्र आली. पुढे १९९४ चा मेक्सिको-कॅनडाबरोबरचा व्यापार करार आणि २००१ मध्ये चीनचा जागतिक व्यापार संघटनेत झालेला प्रवेश यांनी कपडे, फर्निचर, घरगुती यंत्रे बनवणाऱ्या गावांवरही तीच वेळ आणली.

आयोवा राज्यातील न्यूटन हे गाव तुमच्या निपाणीच्या अधिक जवळचे उदाहरण आहे. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती, आणि १८९३ पासून तिथे मेटॅग ही कंपनी. आधी शेतीची अवजारे, १९०७ पासून कपडे धुण्याची यंत्रे. गावातील बाग, जलतरण तलाव यांवर त्या घराण्याचे नाव आहे. २००६ साली दुसऱ्या मोठ्या कंपनीने मेटॅग विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. पुढच्याच वर्षी पवनचक्क्यांची पाती बनवणारा कारखाना तिथे आला. काही हातांना पुन्हा काम मिळाले, पण पगार पूर्वीएवढे नव्हते.

बंद पडण्याची रीत तुम्ही विचारली नाही, पण ती समजली तर पुढचे समजेल. आपल्याकडे मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी मागावी लागते. तिथे १९८८ च्या कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या मालकाला साठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, त्यापुढे त्याला अडवणारे कुणी नसते. कामगाराला बहुतेक राज्यांत सव्वीस आठवड्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळतो. हे सहा महिने गाव शांतच असते. खरी झळ त्यानंतर बसू लागते.

घर हीच तिथल्या कामगाराची आयुष्यभराची पुंजी असते. सगळ्यांनाच एकदम गाव सोडायचे असते, तेव्हा घराला गिऱ्हाईक मिळत नाही. जो विकू शकत नाही तो जाऊ शकत नाही. तरुण जातात, म्हातारे राहतात. शाळेचा मोठा खर्च घरांवरील करातून चालतो, म्हणून घरांच्या किमती पडल्या की शाळेची तिजोरी आटते. ओहायोत तर शाळेसाठी जादा कर बसवायचा की नाही यावर गावकरी मतदान करतात. त्या दिवसांत अंगणाअंगणात ‘हो म्हणा’ आणि ‘नाही म्हणा’ असे फलक लागलेले मी पाहिले आहेत. नाही म्हणणारे बहुतेक निवृत्त कामगार होते. त्यांना शाळा नकोशी नव्हती, त्यांच्या निवृत्तिवेतनात जास्तीचा कर मावत नव्हता. मग कधी दोन गावांच्या शाळा एक होतात, आणि चाळीस वर्षे एकमेकांविरुद्ध खेळलेल्या संघांच्या मुलांना एकच जर्सी घालावी लागते. हे किती जिव्हारी लागते, ते शब्दांत सांगणे अवघड आहे. लहान रुग्णालये बंद होतात. मुख्य रस्त्यावरील कापडाचे, बुटांचे दुकान जाते आणि गावाबाहेर स्वस्त वस्तूंचे एकच साखळी दुकान उरते.

याच काळात वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन या गावांत शिरले. वर्षानुवर्षे जड कामाने पाठ आणि खांदे गेलेल्या माणसांना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टर अफूजन्य गोळ्या सढळ हाताने देऊ लागले, आणि पुढे त्यांची जागा हेरॉइन आणि फेंटानिल यांनी घेतली. २०२१ मध्ये देशभर मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. ज्या शेजाऱ्याने आमचा बर्फ काढला, त्याचा धाकटा मुलगा त्यांतच गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्या घरासमोर नऊ दिवस नव्हे, महिनाभर झाकलेली भांडी येत होती.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून माझे मत सांगतो. जी गावे थोडीफार सावरली, तिथे शाळा, वाचनालय आणि अग्निशामक दल कारखान्याच्या पैशावर अवलंबून नव्हते. निपाणीत विडी कामगार बायकांनी स्वतःची संघटना उभी केलेली आहे, ती जपावी, आणि मुलींची शाळा काम कमी झाले म्हणून सुटू नये याकडे आत्तापासूनच पाहावे. कारखान्याची जागा घेणारा दुसरा कारखाना येईल या आशेवर न्यूटनसारखे एखादे गाव तरते, बाकीच्यांनी वाट पाहण्यातच वीस वर्षे घालवली.

प्रश्न : आपल्या लेखात तिथल्या वाचनालयाचा उल्लेख होता. सहा हजार वस्तीच्या गावात वाचनालय कसे चालते? — एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्था वर्गणी आणि देणग्या यांवर उभ्या राहिल्या. तिथे गावाचे वाचनालय करातून चालते आणि सभासदत्व मोफत असते. पत्ता दाखवणारा एक कागद दिला की कार्ड मिळते. हवे ते पुस्तक तिथे नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून देतात. मी ओतकामावरचे एक जुने पुस्तक असेच दीडशे मैलांवरून मागवून वाचले होते.

या वाचनालयांमागे कामगारांचा इतिहास आहे. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याने अमेरिकेत सुमारे १,७०० वाचनालयांच्या इमारतींना पैसे दिले. त्यांतील पहिले १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडक या त्याच्याच कारखान्याच्या गावात उघडले, आणि त्यात कामगारांसाठी स्नानगृहसुद्धा होते. जवळच्याच होमस्टेड गावी १८९२ मध्ये त्याच्या कंपनीने युनियन मोडली, गोळीबारात माणसे मेली, आणि सहा वर्षांनी तिथेही भव्य वाचनालय उभे राहिले. पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत चालू होती. बारा तास भट्टीसमोर राबून आलेला माणूस कुठले पुस्तक हातात धरणार, हा त्या काळच्या कामगारांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, आता तिथे बाजारसंकुल आहे आणि जुन्या धुराड्यांची एक रांग तेवढी ठेवली आहे. वाचनालय मात्र चालू आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात दुपारी सर्वाधिक गर्दी संगणकांपाशी असे. काम सुटलेले पन्नाशीचे कामगार तिथे बसून नोकरीचे अर्ज भरत, आणि ग्रंथपाल बाई एकेकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि त्याला टंकलेखन शिकवत.

प्रश्न : आम्ही सीमाभागातील माणसे. अमेरिकेत दोन राज्यांच्या सीमेवरील गावांत लोक कसे राहतात, यावर लिहावे. — एक वाचक, उचगाव

उत्तर : आमचे गाव पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीपासून गाडीने पंधरा मिनिटांवर होते आणि फौंड्रीतील चौथा हिस्सा माणसे त्या राज्यातून येत. दोन्ही राज्यांत करार आहे, त्यामुळे पगारावरील राज्याचा आयकर माणूस जिथे राहतो तिथेच भरतो. परवाना, गाडीची नोंदणी, मुलाची शाळा मात्र त्या त्या राज्याची.

तुम्हाला अधिक जवळचे वाटेल ते ब्रिस्टल. तिथला मुख्य रस्ताच सीमारेषा आहे. एका बाजूची दुकाने व्हर्जिनियात, दुसऱ्या बाजूची टेनेसीत, आणि रस्त्याच्या मध्यावर पितळी खुणा बसवलेल्या आहेत. नगरपालिका दोन, पोलीस दोन, शाळांचे कारभार दोन. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, व्हर्जिनियात आहे. उलट व्हर्जिनियाने किमान वेतन बरेच वाढवले आहे आणि टेनेसीत तो ताशी सव्वासात डॉलरचा केंद्राचा दरच लागू आहे. म्हणून हॉटेलात भांडी घासणारा माणूस रस्त्याच्या कुठल्या अंगाला कामाला लागतो, यावर त्याची मिळकत ठरते. या दोन राज्यांतही सीमेवरून खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९३ मध्ये निकाल लागला, जुनी रेषा कायम राहिली. आपला दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. ब्रिस्टलच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक एकच भाषा एकाच हेलात बोलतात. तिथल्या आईला मुलाचे नाव शाळेत घालताना माध्यमाची चिंता पडत नाही, दुकानाची पाटी कुठल्या लिपीत लिहावी यावर वाद होत नाही, आणि सरकारी कागद वाचून घेण्यासाठी म्हाताऱ्याला शेजारच्या मुलाला बोलवावे लागत नाही. तिथला झगडा नुसत्या हद्दीचा होता, आणि तो न्यायालयाच्या एका निकालाने मिटू शकला.